बोअरचे खारे पाणी आणि आपल्या मुलामुलींचे शिक्षण

धायरीत भाड्याच्या खोलीत संसार करणाऱ्या कोणत्याही भगिनीला विचारा. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो, हे ती सांगेल. हा थर कोठून येतो, याचा शोध घेणारे एक शास्त्र विद्यापीठात शिकवतात. त्याचे नाव भूरसायनशास्त्र. आपल्या समाजातून डॉक्टर, इंजिनिअर, वकील झाले. या शास्त्राकडेही पालकांनी पाहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

धायरीच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थंड होऊन तो तयार झाला. पावसाचे पाणी मुरताना मातीतला कर्बवायू घेते, किंचित आंबट होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते. हेच जड पाणी. ते उकळले की चुना वेगळा होऊन भांड्याला चिकटतो.

पण पाण्यातला प्रत्येक क्षार खडकातून येत नाही. नायट्रेट काळ्या पाषाणात जवळजवळ नसते. ते येते मैलापाण्यातून किंवा शेतातल्या खतातून. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा आहे. वस्तीतल्या विहिरीत त्याहून जास्त निघाले, तर जवळ मैल्याची टाकी कोठे आहे, हे आधी पाहावे लागते. धायरीचा उरलेला भाग २०१७ साली महापालिकेत आला, पण नळाच्या पाण्यासाठी ओरड संपली नाही. जानेवारी २०२५ मध्ये धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण सापडले, तेव्हा पाण्यावरच संशय गेला. जंतू शोधणे हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे काम. घाण जमिनीत कोणत्या वाटेने झिरपते, हे मात्र खडक आणि पाणी दोन्ही ओळखणारा माणूस सांगू शकतो.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत याहून कठीण गोष्ट आहे. तेथे खडकातले फ्लोराईड पाण्यात उतरते. पाणी नितळ दिसते, चवीला काही कळत नाही. पण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असलेले हे पाणी वर्षानुवर्षे प्यायले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही वाकतात. उपयोजित भूरसायनशास्त्र म्हणजे हे ज्ञान माणसाच्या उपयोगी आणणे.

हे शिकायचे कसे? बारावी विज्ञाननंतर भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येते. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात हा विषय आहे. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.एस्सी. आहे, मुंबईच्या आयआयटीतही उपयोजित भूशास्त्राची एम.एस्सी. आहे. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने विसळायची, धातू तपासायचे असतील तर त्यात नायट्रिक आम्ल घालायचे, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतात, अशा बारीक गोष्टींपासून हे शिक्षण सुरू होते.

नोकरीचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण व केंद्रीय भूजल मंडळात जाता येते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते, तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. जागा थोड्या असतात, अभ्यास कसून करावा लागतो, हेही आम्ही लपवीत नाही.

पैशासाठी मागे राहू नका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना, पीएच.डी.साठी बार्टीची अधिछात्रवृत्ती, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. मात्र जातवैधता आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. कागदाअभावी वर्ष बुडते, ते हुशारीने भरून निघत नाही.

एक गोष्ट आईवडिलांना. या शिक्षणात हातोडा घेऊन आठ-आठ दिवस डोंगरात जावे लागते. मुलगी आहे म्हणून तिला अडवू नका. हंडा घेऊन ती विहिरीवर जातच होती. आता त्याच विहिरीचे पाणी तपासायला तिला जाऊ द्या.