विंडोज ९५ला पत्ताच नाही

आजच्या लॅपटॉपवर एक चौकट उघडते. तिच्यात निळं आकाश, पांढरे ढग: विंडोज ९५ सुरू होतंय. त्याला हार्ड डिस्क दिसते, फ्लॉपी ड्राइव्ह दिसतो, साउंड कार्ड दिसतं. यातलं एकही खरं नाही. डिस्क म्हणजे लॅपटॉपमधली एक फाइल, फ्लॉपीसुद्धा फाइलच. याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन.

खरं नवल पडद्यामागे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम संगणकाची मालकीण असते. मेमरी वाटायची, की-बोर्ड आणि डिस्ककडून येणारे संकेत थोपवून धरायचे, हे हक्क तिचेच. चौकटीतल्या पाहुण्या सिस्टिमला ते देऊन चालणार नाही. म्हणून तिला साध्या प्रोग्रॅमच्या दर्जावर चालवतात. तिनं मालकीचा हुकूम सोडला की प्रोसेसर तिला अडवतो, व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे हायपरव्हायजर, पुढे येतो, हुकूम पाळल्याचा देखावा उभा करतो आणि तिला पुन्हा सोडतो. तिच्या लेखी मधे काही घडलेलंच नसतं! आयबीएमनं १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर केलं, तेही मेनफ्रेमवर असंच चालायचं.

इंटेलच्या चिप मात्र यासाठी घडलेल्या नव्हत्या. त्यांची 'पॉपएफ' ही सूचना बघा. हक्क नसताना तिच्यातून संकेत थोपवायला सांगितलं, तर प्रोसेसर अडवत नाही. तेवढा भाग गुपचूप गाळून पुढे जातो. हायपरव्हायजरला कळणार कसं? पेंटियममध्ये अशा अडचणीच्या १७ सूचना निघाल्या. १९९९मध्ये व्हीएमवेअरनं यावर जी तोड आणली ती मला आजही अफाट वाटते: पाहुण्या सिस्टिमच्या गाभ्यातला कोड चालण्याच्या क्षणभर आधी वाचायचा, धोक्याच्या सूचना बदलायच्या आणि बदललेला कोडच चालवायचा. २००५पासून इंटेलनं पाहुण्या सिस्टिमला अडवायची सोय चिपमध्येच दिली.

जुन्या सिस्टिमला वेगही सोसत नाही. विंडोज ९५चा नेटवर्कचा भाग एक रिकामं आवर्तन फिरवून वेळ मोजतो. २.१ गिगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर ते इतक्या झटकन संपतं की शून्यानं भागायची वेळ येते आणि सिस्टिम कोसळते. त्यासाठी हौशी मंडळींनी केलेली दुरुस्ती आधी बसवावी लागते.

मराठी छपाईला व्हर्च्युअल मशीनची फार गरज आहे. नव्वदच्या दशकातली कितीतरी पुस्तकं आणि दिवाळी अंक पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवले गेले. त्या फॉन्टमध्ये 'क'चा आकार कुठल्यातरी रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसेल तर आज पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये तेव्हाची विंडोज, तेव्हाचा पेजमेकर आणि तेव्हाचा फॉन्ट एकत्र आले की रकाने, जोडाक्षरं, वेलांट्या जशाच्या तशा उभ्या राहतात.

अडतं ते डोंगलपाशी. काही सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या त्या डबीशिवाय उघडतच नाहीत, आणि डिस्कची होते तशी तिची सहज फाइल होत नाही. जुन्या डीटीपीवाल्याच्या खणात अशी डबी सापडली तर ती कृपा करून भंगारात देऊ नका.