मावळाचं पाणी आणि त्याची नोंद ठेवणारी माणसं

पावसाळ्यात लोणावळ्याला गेलेल्या पुणेकर-मुंबईकरांच्या वाटेत वळवणचा तलाव येतोच. तलाव जुना आहे. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी इथल्या धरणाची पायाभरणी केली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही टाटांच्या पहिल्या जलविद्युत प्रकल्पाची धरणं. इंद्रायणीच्या उगमाकडचं पाणी खरं तर पूर्वेला उतरून भीमेला मिळायचं. ते घाटमाथ्यावर अडवलं, नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला सोडलं आणि त्या जोरावर जनित्रं फिरवली. १९१५ मध्ये ही वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली. पुढे आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं आणि १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. मग पाळी आली मुळशीची.

देशाच्या उद्योगाचा हा इतिहास शाळेपासून आपल्याला सांगितला जातो, आणि त्या अभियांत्रिकीचं मोठेपण मीही मान्य करतो. पण ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली त्यांचं काय झालं, हे आज आपल्याला कळतं ते कंपनीच्या दप्तरातून नव्हे. त्यांच्या बाजूने उभं राहून लिहिणारी काही माणसं निघाली, म्हणून कळतं. मावळाच्या या लेखक-अभ्यासक-कार्यकर्त्यांची परंपरा शंभर वर्षांची आहे.

मुळशी तेव्हा हवेली तालुक्यातला पेटा होता. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण घालायचं ठरलं. त्यात पन्नासच्या वर गावांची जमीन जाणार होती, आणि ती आंबेमोहोर पिकवणारी जमीन होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि मजुरांनी काम थांबवलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’मध्ये मुळशीच्या बाजूने लिहिलं आणि टाटांना फेरविचाराची विनंती केली. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात असे उतरले की ‘सेनापती’ ही उपाधी त्यांना इथेच चिकटली ती कायमची. एडिंबरोला शिकायला गेलेला आणि पॅरिसहून बॉम्बची कृती घेऊन परतलेला हा माणूस पारनेरला रोज झाडू घेऊन रस्ते झाडायचा, हेही लक्षात ठेवायला हवं. ९ डिसेंबर १९२४ रोजी त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. लढा हरला होता.

तो का हरला, याचं उत्तर दडपशाहीपाशी संपत नाही. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली, आणि त्या कायद्याचा व्यवहार कागदावरच्या मालकाशी होता. मुळशी पेट्यातल्या बऱ्याच जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर चढल्या होत्या. चिखलात उभं राहून लावणी करणारा मावळा कूळ होता. सावकाराला जमिनीचा चांगला भाव हवा होता, मावळ्याला जमीनच हवी होती. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा पुण्यात मतं फुटली, आणि जे पैसे घेऊन मोकळे झाले ते बहुतेक शेत न कसणारे होते.

ही बाजू सत्याग्रहाच्या गौरवगाथांत फारशी येत नाही. ती मांडली राजेंद्र व्होरा यांनी. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या व्होरांनी आधी मराठीत मुळशी सत्याग्रहावर लिहिलं. २००९ मध्ये आलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं. त्यांच्या आधी विनायकराव भुस्कुटे यांनी हा इतिहास लिहून ठेवला होता, आणि भुस्कुटे स्वतः त्या लढ्यातले होते. एकाने आतून लिहिलं, दुसऱ्याने कागद तपासून. नर्मदेच्या आंदोलनात ‘आधी पुनर्वसन’ हा शब्द देशभर गाजला, त्याच्या साठ-पासष्ट वर्षं आधी कुळाच्या हक्काचा प्रश्न मुळशीत उभा राहिला होता. तो आपल्याला या दोघांमुळे ठाऊक आहे.

तरीही एक मोठी उणीव राहतेच. या पानांवर बायका फार थोड्या दिसतात. ती उणीव भरून निघाली ती अनपेक्षित वाटेने.

१९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ हे दोघे मुळशी आणि आसपासच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते. पॉयत्वाँ जन्माने फ्रेंच. १९७२ मध्ये पुण्यात आले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. रेशन, वाटा, दारू, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे प्रश्न अशा बैठका गावोगाव चालत. बैठकीत बायका गप्प बसतात आणि जात्यावर बसल्या की बोलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात झाली.

जातं ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे, घर उठायच्या आत, दोघीजणी समोरासमोर बसतात. वरच्या तळीच्या खुंट्याला दोघींचे हात असतात. मधूनमधून एक जण मुठीने वैरण घालते, आणि खालून पीठ पडत राहतं. त्या फिरण्याच्या लयीत ओळी सुचतात: माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, सावकार, बाबासाहेब. ऐकायला पुरुष नसतो, म्हणून भीड नसते. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी या ओव्या वहीत उतरवल्या, आणि उतरवताना ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव आणि जातही लिहिली. लोकगीत म्हटलं की कर्ता अज्ञात, असं आपण सहज म्हणून टाकतो. या वह्यांत मात्र नांदगावच्या कुसुम सोनवणे आहेत, कोळवड्याच्या ताराबाई उभे आहेत, आणि त्या नुसत्या गाणाऱ्या नव्हेत, संघटनेच्या कार्यकर्त्याही आहेत. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली सर्वांत न्यायाची गोष्ट हीच.

मुळशीतून सुरू झालेला हा संग्रह महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांत पोहोचला आणि लाखावर ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. पॉयत्वाँ २००४ मध्ये गेले, पुढे काही वर्षांत हेमाताईही गेल्या. २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ऑनलाइन संग्रहाने त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे ठेवल्या आहेत.

आता मावळ तालुक्यातच परत येऊ. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि एका महिलेसह तिघे मेले. वाद पवना नदीच्या पाण्याचा होता. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत जातं आणि पिंपरी-चिंचवडसाठी ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं. वाटेत नदीकाठचा शेतकरी त्यावर मोटर लावतो. तेच पाणी धरणापासून बंद जलवाहिनीतून न्यायचं ठरलं, तेव्हा नदी कोरडी पडेल या भीतीने मावळ उठला. शहराचं म्हणणं होतं की नदीतून येताना पाणी घाण होतं आणि वाया जातं. त्यातही तथ्य आहे. शहरातल्या माणसालाही स्वच्छ पाणी हवंच. पण ज्यांनी १९७० च्या आसपास पवना धरणासाठी जमिनी दिल्या, त्यांतल्या कित्येकांना पर्यायी जमीन अजून मिळालेली नाही. आधीचा हिशेब थकलेला असताना नवी मागणी पुढे केली, की लोक विश्वास ठेवत नाहीत. प्रकल्पावरची स्थगिती २०२३ मध्ये उठली, धरणग्रस्तांची मागणी मात्र उभीच आहे.

पवनेचं धरण होताना जे तरुण होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. मुळशीला भुस्कुटे आणि व्होरा मिळाले, डोंगरातल्या बायकांना हेमाताई. पवनेच्या माणसांचं सगळं सांगणं अजून कुणी सलगपणे लिहून काढायचं आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: या वर्षीच्या विद्यार्थ्यांना पवनानगरच्या परिसरात पाठवा. बुडालेल्या प्रत्येक घराचं नाव, शेत कसणारा मालक होता की कूळ, मोबदला कुणाच्या हातात पडला, घरातल्या बाईने त्यानंतर संसार कसा रेटला, हे सारं त्यांना विचारून लिहून घेऊ द्या. आणि सांगणारीचं नाव सोडू नका.