दोष कुणाचा, जबाबदारी कुणाची? : आयरिस मॅरियन यंग यांचा न्यायविचार



मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी नाही. बेळगावात गेली अडतीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा डॉक्टर आहे. तरीही विषय निवडायची मोकळीक मिळाली, तेव्हा आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विदुषीचे नाव मी दिले. कारण त्यांच्या एका पुस्तकाने मला माझ्याच घराच्या दारात उभे करून प्रश्न विचारला. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी बाईंची ओळख.

यंगबाईंचा जन्म २ जानेवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील लवकर गेले. आई पुस्तकांत रमणारी होती, घरकामात तिचे मन नव्हते. नवऱ्यामागे ती पिऊ लागली, घर अस्ताव्यस्त राहू लागले. मुलांना जेवण होते, कपडे होते, आईची मायाही होती. तरी पसारा आणि दारू हाच हेळसांडीचा पुरावा धरून सरकारी यंत्रणेने मुलांना काही काळ आईपासून तोडले. हे त्यांनी पुढे ‘घर’ या विषयावरच्या एका निबंधात लिहिले आहे. एकट्या बाईच्या संसाराकडे समाज कोणत्या नजरेने बघतो, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या.

१९७४ साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातून त्यांनी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात आणि २००० पासून शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवले. त्या केवळ वर्गात बोलणाऱ्या नव्हत्या. स्त्रियांच्या चळवळीत आणि कामगारांच्या प्रश्नांवर त्या प्रत्यक्ष काम करीत. २००६ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांचा १९८० चा एक निबंध मुली चेंडू कसा फेकतात यावर आहे. विषय क्षुल्लक वाटेल. मुलगी फेकताना सगळे अंग झोकून देत नाही, नुसता हात हलवते, असे एका विद्वानाने लिहिले होते आणि त्याचे कारण स्त्रीच्या स्वभावात शोधले होते. यंगबाई म्हणतात, हे स्वभावात नाही. ‘सांभाळून बस, धावू नकोस, लागेल’ हे लहानपणापासून ऐकत आलेले शरीर स्वतःलाच अडवायला शिकते. माझ्या दवाखान्यात पाठ-कंबर धरून येणाऱ्या बायका पाहताना हा निबंध मला नेहमी आठवतो.

त्यांचा मोठा ग्रंथ ‘जस्टिस अँड द पॉलिटिक्स ऑफ डिफरन्स’, सन १९९०. त्याआधी १९७१ मध्ये जॉन रॉल्स यांचा न्यायावरचा प्रसिद्ध ग्रंथ आला होता आणि न्याय म्हणजे प्रामुख्याने संपत्तीचे, संधीचे योग्य वाटप, अशी चर्चा चालू होती. यंगबाई विचारतात, वाटप महत्त्वाचे खरेच, पण निर्णय कोण घेते, हलके काम कुणाच्या वाट्याला येते, कुणाच्या चालीरीती ‘नेहमीच्या’ ठरतात, हे वाटपाच्या तराजूत कसे तोलणार?

त्यांनी अन्यायाची पाच रूपे सांगितली. पहिले शोषण, म्हणजे एकाच्या कष्टाचे फळ सातत्याने दुसऱ्याकडे जाणे. दुसरे बाजूला सारले जाणे. म्हातारे, अपंग, बेकार यांचा समाजाला उपयोगच नाही असे ठरते. तिसरे सत्ताहीनता, म्हणजे जन्मभर हुकूम झेलायचे, कधी द्यायचे नाहीत. चौथे सांस्कृतिक वर्चस्व. इथे एका गटाची रीत हीच सर्वांची रीत ठरते आणि बाकीचे आपोआप ‘वेगळे’ होतात. पाचवे हिंसा. केवळ अमुक गटाचा आहे म्हणून मार बसेल, ही भीती सतत मनात वागवायची. यांतले बरेचसे घडण्यासाठी कुणी जुलमी राजा लागत नाही. सज्जनांच्या रोजच्या सवयी पुरतात.

चौथे रूप आपल्याला समजावून सांगायला नको. ज्या कचेरीत आपली भाषा चालत नाही, तिथे शिकलेला माणूसही अडाणी ठरतो, हे सीमाभागातल्या प्रत्येक घराने अनुभवले आहे. पण खेड्यातून आलेल्या मुलाच्या बोलीला आपण ‘अशुद्ध’ म्हणतो, तेव्हा तीच पट्टी आपण दुसऱ्याला लावतो.

२००० सालच्या ‘इन्क्लूजन अँड डेमॉक्रसी’ या पुस्तकात त्या लोकशाहीतल्या बोलण्याकडे वळल्या. सभेत केवळ बिनचूक युक्तिवाद करणाऱ्याचेच ऐकले, तर बरेच लोक मुके राहतात. म्हणून नमस्कार-चमत्कार, बोलण्यातला जिव्हाळा आणि स्वतःची हकिकत सांगणे यांनाही त्यांनी मानाचे स्थान दिले. आमच्या चिकित्सेत रोग्याची हकिकत सविस्तर ऐकावी लागते, त्यामुळे हे मला लगेच पटले. जैन घरात वाढल्यामुळे अनेकान्तही कानावर होता. वस्तूला अनेक बाजू असतात, एकालाच सगळ्या दिसत नाहीत. यंगबाई त्यापुढे विचारतात, ज्याला दुसरी बाजू दिसते, त्याला सभेत बोलू कोण देते?

आता त्यांच्या शेवटच्या पुस्तकाकडे येतो. ‘रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस’ हे त्यांच्या निधनानंतर, २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात सँडी नावाच्या एका कल्पित बाईची गोष्ट आहे. दोन मुलांची एकटी आई, दुकानात विक्रीचे काम. ती राहते ती इमारत मालक दुसऱ्या कामासाठी काढून घेतो. नोकरी शहराबाहेर असल्याने बसच्या प्रवासात रोज तास जातात. म्हणून शिल्लक मोडून ती गाडी घेते. शेवटी एक लहान घर सापडते, पण तीन महिन्यांचे भाडे आगाऊ हवे. पैसे तर गाडीत गेले. आता ती मुलांसह रस्त्यावर येण्याच्या बेतात आहे.

यात गुन्हेगार कोण? घरमालकाने कायदा मोडलेला नाही. दलाल सभ्यपणे वागला. मालकीणबाईही नियमाने चालल्या. सँडीनेही मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने रास्त तेच केले आणि सगळ्यांचे मिळून एक बाई बेघर झाली. याला यंगबाई रचनेतून होणारा अन्याय म्हणतात.

इथे त्यांनी दोष आणि जबाबदारी यांत फरक केला. दोष मागे पाहतो. कुणी केले ते शोधतो, शिक्षा करतो आणि बाकीच्यांना मोकळे सोडतो. जबाबदारी पुढे पाहते. ज्या व्यवहारातून अन्याय घडतो त्यात आपला हात असेल, तर दोषी नसतानाही तो बदलण्याचे काम आपले आहे, आणि ते एकट्याने होत नाही, इतरांबरोबरच करावे लागते. आपला वाटा किती, हे ठरवायला त्या चार गोष्टी पाहायला सांगतात : आपल्या हाती सत्ता किती, या रचनेतून आपला लाभ किती, बदलात आपले हित किती आणि आपल्याजवळ संघटित शक्ती किती.

याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत मार्था नुसबॉम यांनी एक आक्षेप नोंदवला आहे. जबाबदारी पार न पाडणाऱ्याला कधीच दोष द्यायचा नाही, तर तो पुढेही हातावर हात ठेवून बसेल. मला हा आक्षेप बरोबर वाटतो, आणि का ते आता सांगतो.

दवाखान्याच्या वर माझ्या मालकीच्या दोन खोल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका खानावळीत पोळ्या लाटणारी बाई दोन मुलांना घेऊन खोली विचारायला आली. माझीच रुग्ण. माझ्या अटी ठरलेल्या होत्या : शाकाहारी कुटुंब, घरात कर्ता पुरुष, तीन महिन्यांचे डिपॉझिट. मी नम्रपणे नाही म्हटले. नंतर कळले, आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी तिला असेच नम्रपणे नाही म्हटले होते. ती गावाबाहेर दूर राहायला गेली आणि थोरल्या मुलीची शाळा सुटली. आमच्यापैकी कुणालाच आपण काही वाईट केले असे वाटले नाही. मला तर सँडी वाचेपर्यंत ती बाई आठवलीही नव्हती.

मुलीची शाळा आता परत येणार नाही. पण गेल्या वर्षी आम्ही चार घरमालक एकत्र बसलो. डिपॉझिट एका महिन्यावर आणायला दोघे तयार झाले, दोघे नाही. ‘कर्ता पुरुष’ ही अट मी काढली. आहाराच्या अटीवर माझ्याच घरात अजून वाद चालू आहे, तोही लपवत नाही.

आपल्या या संस्थेचे निम्मे सभासद घरमालक आहेत. घरी गेल्यावर आपल्या भाडेकराराच्या अटी एकदा वाचा आणि शेजारच्या घरमालकालाही वाचायला सांगा, एवढी विनंती करून थांबतो.