होडीचं सामान घरी: काय बनवायचं, काय नाही

शिडाची छोटी होडी, म्हणजे डिंगी, चालवणाऱ्यांना विचारा. होडीपेक्षा तिच्या किरकोळ सामानाचं बिल जास्त बोचतं. त्यातलं बरंच काही घरी होतं. माझी सुरुवात सॉफ्ट शॅकलपासून, कारण तिथे प्रश्न फक्त पैशांचा नाही.

पुढच्या शिडाच्या, जिबच्या, मागच्या कोपऱ्याला दोर अडकवायला बरेच जण स्टीलची शॅकल लावतात. होडी वळवताना जिब फडफडतं आणि ती शॅकल डोक्याच्या उंचीवर भिरभिरते. जोरात लागली तर टाकेच पडतील. शिवाय पिन बोटांतून निसटली की थेट तळाशी. डायनीमा दोरीची शॅकल मऊ, हलकी, आणि पाण्यात पडली तर चक्क तरंगते!

पोकळ विणीची 5 मिमी डायनीमा साधारण दीड मीटर घ्या. मधोमध दुमडा. दुमडीपाशी छोटा फासा ठेवून एक पाय दुसऱ्याच्या पोकळीत वीतभर सरकवा आणि बाहेर काढा. आता दोन टोकं हातात येतील. त्यांची डायमंड गाठ मारा. ही गाठ कानांनी शिकता येत नाही, व्हिडिओ लावून दोन-तीनदा साध्या दोरीवर करा. वापरताना बाहेरची वीण मागे सरकवली की फासा मोठा होतो. गाठ त्यातून घालायची आणि वीण परत ओढायची. झालं बंद.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने. डायनीमा गुळगुळीत असते, म्हणून गाठ अंगाचं वजन टाकून आवळा आणि शेपट्या तीनेक सेंटीमीटर ठेवाच. आणि टोकं लायटरने जाळू नका. ही दोरी दीडशे अंशांच्या आसपास वितळते, धग गाठीपर्यंत गेली तर ताकद तिथेच संपली. धारदार ब्लेडने कापा. स्वयंपाकघरातली कात्री नुसती चावत बसते.

दुसरी सोपी वस्तू म्हणजे दोर गुंडाळायची लाकडी क्लीट. सागवानाचा तुकडा पुरतो. लांबी दोराच्या जाडीच्या सोळापट, म्हणजे 8 मिमी दोराला साधारण 13 सेंटीमीटर. लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने हवेत, आडवे असतील तर शिंगं मोडतात. बसवताना स्क्रूवर भागवू नका. आरपार बोल्ट, खालून रुंद पट्टी, आणि भोकाभोवती सीलंट. सीलंट विसरलात तर पाणी प्लायवूडमध्ये मुरतं आणि डेक आतून कुजतो, वरून काहीच कळत नाही. क्लीट दोराच्या ओढीच्या रेषेत सरळ न लावता किंचित, पंधराएक अंश, तिरकी लावा. दोर अडकत नाही.

डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि त्यांचे हुलला जोडलेले पट्टे मात्र मी घरी बनवत नाही. शॅकल तुटली तर शीड फडफडतं, पट्टा तुटला तर डोलकाठी माणसांवर येते. ते सामान विकतच घ्या, आणि बोल्टभोवती गंजाचा तपकिरी ओघळ दिसला की काढून बघा.