भाग बदलल्यावर कॅरेज का अडते?

सातपूर एमआयडीसीतून माल बाहेर पडायचा तर कागद सोबत लागतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाचे बीजक तीन प्रतींत निघते: ग्राहकाची, वाहतूकदाराची आणि स्वतःची. तिन्ही प्रती कार्बनवर एकदम उमटवायच्या तर सुईचा ठोकाच हवा. म्हणूनच डिस्पॅचच्या टेबलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून टिकून आहे. आत ऑफिसात मात्र टाकीवाला इंकजेट असतो. दोन्हींत हेड घेऊन डावी-उजवीकडे धावते ती कॅरेज, आणि भाग बदलल्यावर सर्वाधिक तक्रारी येतात त्या तिच्याच. हेड किंवा बेल्ट नवा टाकला, प्रिंटर सुरू केला आणि कॅरेज बाजूच्या पत्र्यावर धडकली किंवा मध्येच थांबली, की संशय थेट मोटरवर आणि बोर्डावर जातो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी जायला हवा. काल चालणारी मोटर आज नेमकी हेड बदलतानाच जळेल, हा योगायोग विरळा. आधी हात जिथे जिथे लागला ती जागा पाहावी.

इंकजेटची मोटर साधी डीसी मोटर असते. आपण किती फिरलो हे तिला कळत नाही. कॅरेजच्या मागे प्रिंटरच्या रुंदीभर एक पारदर्शक पट्टी ताणलेली असते आणि तिच्यावर डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक रेषा असतात. फ्लेक्स छापणाऱ्या मोठ्या मशीनच्या पट्टीवर बहुधा इंचाला 180 रेषा असतात. त्र्यंबक रोडने जाताना मैलाचे दगड मोजावेत, तसा कॅरेजच्या पाठीवरचा सेन्सर या रेषा मोजत जातो. त्यात प्रकाश टिपणारे दोन बिंदू किंचित पुढेमागे बसवलेले असतात. आधी कोणत्या बिंदूने रेष पाहिली, यावरून कॅरेजची दिशाही बोर्डाला कळते.

हेड काढता-घालताना ही पट्टी सेन्सरच्या खाचेतून सहज निसटते. मग मोजणीच होत नाही. कॅरेज हलली याची खबर न मिळाल्याने बोर्ड मोटरला जोर देत राहतो, कॅरेज वेगाने जाऊन आदळते आणि एररचे दिवे लुकलुकू लागतात. सुरू होताच अशी धडक बसली, तर पट्टी खाचेत आहे का, एका टोकाला आकड्यात आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवर नीट ताणली आहे का, हे पहिल्यांदा बघावे.

कॅरेज दर वेळी एकाच जागी अडत असेल तर गोष्ट वेगळी. त्या जागी पट्टीवर शाई किंवा ग्रीसचे बोट लागलेले असते, नाहीतर वाटेत खरोखर काही आडवे आलेले असते. निवाडा हाताने होतो. कॅरेज मधोमध असताना प्लग काढावा आणि ती हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवावी. पार्क झालेली कॅरेज लॉक असते, तिला ओढू नये. हाताला अडथळा लागला तर सुटलेला स्क्रू, क्लिपमधून निघालेली शाईची नळी किंवा दात नीट न बसलेला बेल्ट शोधावा. हाताला मोकळी लागली, तर पट्टी पुसावी. मऊ, धागे न सुटणारे कापड डिस्टिल्ड पाण्यात किंचित ओले करून पुसले तरी पुरते. थिनर लावू नये, रेषाच पुसल्या जातात.

चपटी फ्लॅट केबल तिरकी बसली तरी सेन्सरचा सिग्नल तुटतो, आणि वीज सुरू असताना ती हलवली तर हेड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात. केबलला हात लावायचा तर प्लग काढूनच.

डॉट मॅट्रिक्सचे गणित सोपे. तिथे बहुधा स्टेपर मोटर असते. ती होम सेन्सरपासून पावले मोजते, पट्टी नसते. अनेक मॉडेलांत रिबनही कॅरेजच्याच चालीवर फिरते, त्यामुळे कॅसेटमध्ये रिबन अडकली की कॅरेजवर भार येतो. रिबन काढून प्रिंटर सुरू करून बघावा. कॅरेज मोकळी धावली तर दोष नव्या रिबनचा.

सातपूरच्या शेडमध्ये ग्राइंडिंगची धूळ आणि कूलंटचा धूर कॅरेज ज्यावरून सरकते त्या दांडीवर बसतो. त्यावरच नवे तेल ओतले की चिखल होतो. आधी जुना थर पूर्ण पुसावा, मग कंपनीने सांगितलेले तेल अगदी थोडे लावावे. लेथचे ग्रीस इथे चालत नाही.

कॅरेज नीट धावू लागली तरी काम संपत नाही. नव्या हेडची जागा केसभर बदललेली असते, म्हणून जाता-येता छापलेल्या उभ्या रेषा जुळत नाहीत. सेटिंगमधून अलाइनमेंट करून घ्या, आणि रेषा सरळ आल्यावरच झाकण लावा.