बीजांडकोशाच्या कर्करोगातून सावरलेली रुग्णा आणि वैद्यधर्म

बीजांडकोशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झाल्यावर अनेक स्त्रिया आपल्याकडे चिकित्सेसाठी येतात. हातापायांची बधिरता, अग्निमांद्य, निद्रानाश व दौर्बल्य या त्यांच्या तक्रारी असतात. तथापि मनात प्रश्न एकच असतो : "वैद्यराज, हा आजार पुन्हा तर होणार नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर हीच वैद्याच्या नीतीची कसोटी होय.

साध्यासाध्यत्व जाणूनच चिकित्सेस आरंभ करावा, अन्यथा अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात प्रतिपादिले आहे. हा रोग प्रगत अवस्थेत आढळल्यास बहुसंख्य रुग्णांत तो पुढे पुन्हा उद्भवतो. अशा वेळी "रसायन घ्या, रोग परतणार नाही" असे आश्वासन देणे असत्य ठरते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेही मनाई आहे. बलवर्धन, निद्रा, अग्निदीपन व वेदनाशमन यांसाठी आपण साहाय्य करू शकतो, एवढेच स्पष्ट शब्दांत सांगावे.

सी.ए.-१२५ या रक्ततपासणीबाबतही संयम हवा. केमोथेरपीच्या काळात हा आकडा उतरला, तर त्याचे श्रेय आपल्या काढ्याला देणे अनुचित होय. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५२९ रुग्णांपैकी निम्म्यांवर केवळ हा आकडा वाढल्यावरून तत्काळ उपचार सुरू केले गेले. परंतु लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा त्यांचे आयुर्मान वाढले नाही. त्यानंतर उपचार पुष्कळ बदलले आहेत. म्हणून ही तपासणी केव्हा व किती वेळा करावी, हे कर्करोगतज्ज्ञाने रुग्णेशी बोलून ठरवावे. आकड्याच्या भीतीवर आपला व्यवसाय उभारू नये.

तिसरा मुद्दा औषधसंयोगाचा. काही रुग्णांना केमोथेरपीनंतर ओलापॅरिबसारख्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. या औषधाचे पचन मुख्यतः यकृतातील 'सीवायपी३ए४' या विकराद्वारे होते. मिरे व पिंपळी यांतील पिपरीन हे द्रव्य या विकरास रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्रिकटु आपल्याला निरुपद्रवी वाटले, तरी या रुग्णेस ते देण्यापूर्वी विचार व्हावा. आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा लिहून ती चिठ्ठी कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावी. "तिकडे सांगू नका" असे म्हणणारा वैद्य रुग्णेला दोन चिकित्सकांमध्ये एकटी पाडतो. चालू गोळ्या आपल्या शब्दावरून बंद होणार नाहीत, याचीही दक्षता घ्यावी.

चौथा मुद्दा कुटुंबाचा. सर्वसाधारण स्त्रीस हा कर्करोग होण्याचा आयुष्यभरातील धोका सुमारे १ टक्का असतो. 'बीआरसीए१' या जनुकातील दोष असल्यास तो सुमारे ४० टक्के वा त्याहून अधिक होतो. हा दोष मातेकडून तसाच पित्याकडूनही येतो. म्हणून रुग्णेस जनुकीय समुपदेशनाचा मार्ग दाखवावा. बहिणी व मुलींना हे कसे कळवावे यासाठी तिला साहाय्य करावे. तिच्या संमतीवाचून आपण ते कोणासही सांगू नये. विवाहाची चिंता, लोकापवाद ही तिची भीती खरी असते. तिची हेटाळणी न करता ती ऐकून घ्यावी.

अनेकदा पती किंवा मुलगा आधी भेटून म्हणतो, "तिला काही सांगू नका." त्याच्या भावनेचा आदर राखूनही रुग्णेलाच विचारावे : आपल्या आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे? निर्णय कोणाच्या साक्षीने घ्यायचा आहे? तिचे उत्तर रुग्णपत्रिकेत नोंदवावे. घरात, रुग्णालयात व औषधांच्या गर्दीत तिचा शब्द हरवू न देणे, हीच तिची खरी बाजू घेणे होय. प्रत्येक वैद्यबंधूने व भगिनीने पुढच्या अशा रुग्णेपासूनच या नोंदीस प्रारंभ करावा, ही विनंती.