दागिन्याच्या फोटोत काय काय दिसते?

घरी तयार केलेले किंवा घाऊक बाजारातून आणलेले दागिने फोनवर फोटो दाखवून विकणाऱ्या महिला आता गावोगावी आहेत. आपल्या शाळेतल्या पालकांमध्येही अशा दोघीतिघी सापडतील. ठुशी, बुगडी, नथ, चिंचपेटी, कोल्हापुरी साज असा हा माल असतो. बहुतेक सोन्याच्या मुलाम्याचा. गिऱ्हाईक तो हातात घेऊन, उलटसुलट करून पाहू शकत नाही. त्याच्यापुढे असतो फक्त फोटो. आणि या फोटोंबद्दल एक तक्रार आम्ही अनेकींकडून ऐकली आहे : "हातात धरली की ठुशी छान दिसते, फोटोत मात्र प्लॅस्टिकची वाटते."

असे का व्हावे? फोन स्वस्तातला आहे म्हणून, हे उत्तर पटकन दिले जाते आणि ते बहुतेक वेळा चुकीचे असते. खरे उत्तर आपण वर्गात शिकवतो त्या प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात आहे. अलीकडे या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची, साधनेही आली आहेत. ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे घात करतात, हे समजायलाही आधी परावर्तनच नीट पाहावे लागते.

भिंतीवर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. हे अनियमित परावर्तन. म्हणून भिंत कुठूनही पाहिली तरी तिचा रंग जवळजवळ तसाच दिसतो. घासूनपुसून लखलखीत केलेल्या धातूचे तसे नाही. त्याचे परावर्तन नियमित असते, म्हणजे तो आरसा असतो. आरशाचा फोटो काढा म्हटले तर आपण कशाचा फोटो काढतो? आरशासमोर जे असेल त्याचा. सोन्याच्या बांगडीचा फोटो हाही खरे म्हणजे खोलीचाच फोटो असतो, सोन्याने पिवळा केलेला. खिडकी, ट्यूबलाइट, पंखा, फोन धरलेला हात, सगळे त्यात असते.

आता ठुशीचा एक मणी घेऊ. तो चेंडूसारखा गोल, म्हणजे बहिर्वक्र आरसा. व्यास ४ मिमी धरला तर वक्रता त्रिज्या २ मिमी आणि नाभीय अंतर १ मिमी. त्याच्यापासून एक मीटरवर ६ सेंमी व्यासाचा दिवा आहे. दिव्याच्या प्रतिमेचा आकार किती येईल? ६० मिमी गुणिले १ मिमी भागिले १००० मिमी, म्हणजे ०.०६ मिमी. केसाच्या जाडीएवढा ठिपका! दिव्याचा मण्यावर पडलेला आणि आपल्याकडे येणारा सगळा उजेड त्या एका ठिपक्यात. बाकीच्या मण्यात दिसते ती अंधारी खोली.

दिवा तसाच ठेवून मण्यापासून ३० सेंमीवर, दिवा आणि मणी यांच्यामध्ये, ६० सेंमी रुंदीचा पातळ पांढरा कागद धरला तर? आता मण्याच्या दृष्टीने दिवा म्हणजे तो कागदच. त्याच सूत्राने प्रतिमा २ मिमी येते. (सूत्र लहान कोनांसाठीचे आहे. नेमकी भूमिती मांडली तर ती दीड मिमीच्या आसपास भरते.) मण्याच्या बऱ्याच मोठ्या भागावर मऊ उजेड पसरतो. म्हणून दागिन्यांचे छायाचित्रकार दिवा थेट न लावता पांढऱ्या कापडाआडून लावतात. घरी ट्रेसिंग पेपर, जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा किंवा उत्तरेकडच्या खिडकीला लावलेला पांढरा पडदा हेच काम करतो. फोनचा फ्लॅश मात्र बंदच ठेवावा. तो भिंगाला चिकटलेला छोटासा दिवा आहे, आणि वर काढलेला ०.०६ मिमीचा हिशेब त्याच्या बाबतीत आणखी वाईट येतो.

पण प्लॅस्टिकचे काय? येथे एक सुंदर गोष्ट आहे, जी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. काच किंवा प्लॅस्टिक यांच्या पृष्ठभागावरून जी चकाकी येते ती दिव्याच्याच रंगाची असते. पिवळी प्लॅस्टिकची बांगडी दिव्याखाली धरा. तिच्यावरची चकाकी पांढरी दिसेल. धातूचे वेगळे. सोने तांबडा आणि पिवळा प्रकाश जवळजवळ पूर्ण परावर्तित करते, पण निळ्या प्रकाशाचा निम्म्याहून जास्त भाग शोषून घेते. त्यामुळे सोन्याची चकाकीसुद्धा सोनेरी असते. (चांदी दृश्य वर्णपटातले सगळेच रंग ९० टक्क्यांहून जास्त परावर्तित करते, म्हणून तिची चकाकी पांढरी.) आपल्या डोळ्यांना हा फरक कोणी शिकवलेला नसतो, तरी तो ओळखता येतो. चकाकी वस्तूच्या रंगाची असली की धातू, पांढरी असली की प्लॅस्टिक किंवा रंग.

आता कॅमेऱ्यातला प्रकाशसंवेदक पाहा. त्यावर लाखो छोटे कप्पे असतात. काही तांबड्या, काही हिरव्या, काही निळ्या प्रकाशासाठी. प्रत्येक कप्पा म्हणजे एक बादली समजा. नळाखाली ठेवलेली बादली भरली की त्यापुढे कितीही पाणी आले तरी ती 'भरलेली' एवढेच सांगते. सोन्यावरच्या त्या झगझगीत ठिपक्यात तांबडी आणि हिरवी बादली आधी भरते. प्रकाश फारच जास्त असेल तर मागे राहिलेली निळीही भरते. तिन्ही भरल्या की कॅमेरा 'पांढरा' असे लिहितो. म्हणजे सोन्याची सोनेरी चकाकी फोटोत पांढरी झाली! आणि पाहणाऱ्याचा डोळा निमूटपणे निष्कर्ष काढतो, की हे प्लॅस्टिक.

यावर फोनमध्येच उपाय असतो. बहुतेक फोनवर पडद्यावर दागिन्याच्या जागी बोट दाबून धरले की केंद्रण आणि उजेड स्थिर होतात. मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करावा. फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल, तो नंतर उजळ करता येतो. भरून वाहिलेली बादली मात्र नंतर काही सांगू शकत नाही.

पांढऱ्या कागदाचा नाद जास्त झाला तर दुसरेच संकट येते. चारी बाजूंनी पांढरा कागद लावून फोटो काढला की सोने सपाट दिसते, पिवळा ऑइलपेंट दिल्यासारखे. कारण उघड आहे. आरशाला सगळीकडे पांढरेच दिसत असेल तर त्यात दाखवायला काही उरत नाही. वळण, उठाव, कोरीव काम हे सगळे उजेड आणि अंधार यांच्या सीमेमुळे कळते. म्हणून काळ्या कागदाच्या दोनतीन पट्ट्या कापून त्या दागिन्याच्या बाजूला, फोटोच्या चौकटीबाहेर, उभ्या कराव्यात. पट्टीचे प्रतिबिंब बांगडीच्या कडेला काळ्या रेघेसारखे उमटते आणि बांगडी एकदम गोल होते. चार पैशांच्या काळ्या कागदाने होणारा हा बदल वर्गात दाखवण्यासारखा आहे. सोन्याची गरज नाही, स्टीलचा डाव उलटा धरला तरी पुरे.

खड्यांच्या बाबतीत गणित उलटते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून क्रांतिक कोन अवघा साडेचोवीस अंशांच्या जवळ. साध्या काचेचा सुमारे ४२ अंश. आत शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने फिरत राहतो आणि अपस्करणामुळे रंगांच्या ठिणग्या होऊन बाहेर पडतो. या ठिणग्या दिसायला छोटा, तीव्र दिवाच लागतो. पांढऱ्या कागदाआडच्या मऊ उजेडात सगळे रंग एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरे होतात. धातूला मोठा दिवा हवा, खड्याला छोटा. खड्याच्या नथीसाठी मग मऊ उजेड मुख्य ठेवून एक लहान विजेरी लांबून, तिरकी मारावी, आणि खडा चमकेपर्यंत नथ हलवत राहावे. याला दुसरा सोपा मार्ग नाही.

रंगाबद्दल थोडेसे. आपला मेंदू पिवळ्या दिव्याखालीही पांढरा कागद पांढराच पाहतो. कॅमेऱ्याला हे हिशेबाने करावे लागते, आणि त्याचा एक ढोबळ हिशेब असा असतो, की दृश्यातल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी यावी. चौकटभर पिवळी ठुशी असली की त्याला वाटते दिवाच पिवळा आहे, आणि तो पिवळा रंग वजा करतो. ठुशी फिकट, चांदीकडे झुकलेली दिसते. चौकटीत पांढरा किंवा करडा कागद पुरेसा ठेवला की हा गोंधळ कमी होतो. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र मात्र कधी वापरू नये. एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे कोणत्याच वजाबाकीने सुटत नाही. आणि हे फरक लहान नसतात. २२ कॅरट आणि १८ कॅरट सोन्याच्या रंगांतल्या फरकाहून अधिक फरक केवळ या हिशेबाने पडू शकतो. फोटोतल्या रंगावरून कॅरट ओळखू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

फोन अगदी जवळ नेण्याचाही मोह होतो. ३ सेंमी खोलीची बुगडी ८ सेंमीवरून टिपली तर पुढचा भाग ८ आणि मागचा ११ सेंमीवर. पुढचा भाग मागच्यापेक्षा जवळजवळ ३८ टक्के मोठा दिसतो. तीच ३० सेंमीवरून टिपली तर १० टक्केच. म्हणून मागे सरकावे आणि नंतर कडा कापाव्यात.

आता एआयची साधने. घरून विकणाऱ्या महिलांना ती तीन कामांसाठी हवी असतात : मागची पार्श्वभूमी काढणे, फोटो 'स्पष्ट' करणे, आणि दागिना एखाद्या सुंदर तरुणीच्या गळ्यात घातलेला दाखवणे. बाहेरून ही तिन्ही सारखी दिसतात. आतून त्यांत मोठा फरक आहे.

पार्श्वभूमी काढताना संगणक प्रत्येक ठिपक्याबद्दल ठरवतो, की हा दागिन्याचा की मागचा? दागिन्याचे ठिपके तो बदलत नाही. चूक होते ती सीमेवर. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या चांदीच्या पैंजणाची कड त्याच कागदाचे प्रतिबिंब दाखवते, मग कड कुठली आणि कागद कुठला? साखळीच्या कड्यांमधली भोकेही बुजतात. ही चूक डोळ्यांनी तपासता येते, म्हणून हे साधन वापरायला आमची हरकत नाही. फक्त नवी पार्श्वभूमी काळ्या मखमलीची घेतली तर फोटो खोटा वाटू लागतो. दागिना बसलेला मखमलीवर, आणि त्याच्या अंगात प्रतिबिंब पांढऱ्या कागदाचे!

उरलेल्या दोन कामांत यंत्र ठिपके नव्याने तयार करते. चित्रात थोडा थोडा गोंगाट मिसळत न्यायचा आणि तो उलट कसा काढायचा हे यंत्राला लक्षावधी चित्रांवरून शिकवायचे, अशी ही रीत आहे. स्टेबल डिफ्युजन ही २०२२ साली खुली झालेली प्रणाली घ्या. तिच्या मूळ रूपात ५१२ × ५१२ ठिपक्यांचे चित्र आधी ६४ × ६४ घरांच्या जाळीत आवळले जाते. एका घरात ८ × ८ ठिपके. ६४ ठिपक्यांचे तीन रंग म्हणजे १९२ आकडे. त्यांच्या जागी उरतात चार. काम या चार आकड्यांवर होते आणि शेवटी ते पुन्हा उलगडले जातात. आता चित्राच्या रुंदीत ठुशीचे ६० मणी असले तर एका मण्याला साडेआठ ठिपके, म्हणजे जेमतेम एक घर. मण्याची घडण चार आकड्यांत कशी मावणार? उलगडताना यंत्र 'अशा ठिकाणी साधारण जे असते' ते भरते. नंतरच्या प्रणालींत हे प्रमाण सुधारले आहे, पण आवळून उलगडण्याची रीत बहुतेकींत टिकून आहे.

म्हणूनच मणी वाढतात, घटतात, एकमेकांत विरघळतात. नथीच्या मोत्यांची मांडणी बदलते. कोल्हापुरी साजातली कोरीव पाने एकसारखी गुळगुळीत होतात, कारण यंत्राने साज फारसे पाहिलेलेच नसतात. त्याच्या लेखी तो कुठलातरी हार असतो. यंत्र मोजत नाही, ते शक्यतेचा अंदाज बांधते. आमच्या परिचयातल्या एका बाईंची ठुशी याच कारणाने परत आली. गिऱ्हाइकाने कळवले, "फोटोत मण्यांच्या पाच ओळी आहेत, इथे चारच." बाईंनी पाठवली होती ती चार ओळींचीच. फोटो स्पष्ट करून घेताना पाचवी ओळ साधनाने घातली होती. येण्याजाण्याचा टपालखर्च त्यांना भरावा लागला, आणि त्या महिन्यातला नफा त्यातच गेला. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीतल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तेव्हा वाद घालण्यातही अर्थ नव्हता.

खऱ्या सोन्याच्या बाबतीत प्रश्न याहून गंभीर होतो. १ एप्रिल २०२३ पासून भारतात हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण असावी लागते, आणि ती बीआयएस केअर या ॲपवर तपासता येते. ही खूण मिलिमीटरभर जागेत कोरलेली असते. 'स्पष्ट' केलेल्या फोटोत तिच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे आकार येतात, कधी तर स्वच्छ वाचता येणारी पण वेगळीच अक्षरे. म्हणून खुणेचा फोटो कोणत्याही साधनातून न नेता मूळ, तसाच द्यावा. गळ्यातला फोटो हवा असेल तर घरातल्याच कोणाच्या गळ्यात दागिना घालून काढावा, आणि एक फोटो मिलिमीटरच्या आलेखकागदावर ठेवून काढावा. आलेखकागदाचा फोटो देखणा नसतो. पण माप विचारणाऱ्यांचे निम्मे फोन त्यामुळे थांबतात.

वर्गात करायचे असेल तर एक माळ घ्या, मण्यांची का होईना. मणी मुलांकडून मोजून घ्या आणि आकडा फळ्यावर लिहा. खिडकीजवळ, पांढऱ्या कागदाआडच्या उजेडात तिचा फोटो काढा. तोच फोटो चित्र 'सुधारणाऱ्या' एखाद्या साधनातून पाच वेळा काढून घ्या. पाच गटांना एकेक चित्र द्या, त्यातले मणी मोजायला सांगा आणि पाचही आकडे पहिल्या आकड्याखाली लिहा. दिव्याच्या ऐवजी उघड्या बल्बखाली काढलेला फोटो घेऊन हेच पुन्हा केले तर आकड्यांचा विखुर वाढतो का, हेही पाहता येईल.